कानदुखीची सुरुवात नाकातून होते: मध्यकर्णाच्या संसर्गात व्हायरस नेमकं काय करतात?

बाळाला तीन-चार दिवस सर्दी असते. नाक वाहतंय, थोडा ताप आहे, पण खेळणं सुरू आहे. मग एका रात्री ते किंचाळत उठतं, कानाला हात लावतं, आडवं केलं की आणखी रडतं. घरात लगेच चौकशी सुरू होते. आंघोळीचं पाणी कानात गेलं असेल, कानटोपी घातली नव्हती, गाडीवर वारं लागलं असेल. सकाळी मेडिकलमधून मागच्या वेळचंच अँटिबायोटिक आणलं जातं.

या सगळ्यात ज्याच्यावर कुणाचाच संशय जात नाही, ती चार दिवसांपूर्वीची सर्दीच बहुतेक वेळा खरी दोषी असते. लहान मुलांना पडद्यामागच्या कानात होणारा संसर्ग, ज्याला डॉक्टर अक्यूट ओटायटिस मीडिया म्हणतात, तो बाहेरून कानात शिरत नाही. तो नाकातून वर चढतो आणि त्याची वाट व्हायरस मोकळी करून देतो. ही गोष्ट नीट समजली की औषध कधी घ्यायचं, कधी थांबायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही, हे ठरवणं बरंच सोपं होतं.

पडद्यामागची छोटी खोली

कानाचा पडदा म्हणजे ताणून बसवलेली पातळ त्वचा. त्याच्या अलीकडे बाहेरचा कान, जिथे मळ जमतो. पलीकडे हवेने भरलेली छोटी पोकळी असते, तिलाच मध्यकर्ण म्हणतात. ऐकण्याची तीन इवलीशी हाडं याच पोकळीत असतात. पडदा शाबूत असेल तर आंघोळीचं पाणी तिथे पोहोचूच शकत नाही. त्यामुळे पाणी आणि वारा हे दोन्ही आरोपी इथेच सुटतात. (पाण्यामुळे बाहेरच्या कानाला संसर्ग होऊ शकतो, पण तो वेगळा आजार. त्यात कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी दाबलं की जोरात दुखतं.)

या पोकळीला एकच खिडकी आहे. नाकाच्या मागच्या भागात, घशाच्या वर उघडणारी एक अरुंद नळी. तिचं नाव युस्टेशियन नलिका. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, आत ताजी हवा जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. घाटातून उतरताना कानात ‘टक्’ होतं ना, ते हेच. मध्यकर्णात तयार होणारा थोडाफार ओलावाही याच नळीतून खाली उतरतो.

बाळांमध्ये ही नळी मोठ्यांच्या साधारण निम्म्या लांबीची असते आणि जवळजवळ आडवी. मोठ्यांमध्ये तिचा उतार सुमारे ४५ अंशांचा, बाळांमध्ये जेमतेम १० अंशांचा. वर ती मऊ असते, पटकन मिटते. नाकातला ऐवज कानाकडे जायला आणि कानातला द्रव बाहेर न यायला यापेक्षा सोयीची रचना नाही. म्हणूनच सहा महिने ते दोन वर्षं हे वय कानाच्या संसर्गाचं सर्वात मोठं वय आहे. मूल वाढतं, नळी लांब आणि तिरकी होते, आणि बहुतेकांचा हा त्रास आपोआप मागे पडतो.

सर्दीचा व्हायरस कानापर्यंत कसा पोहोचतो?

नाकाच्या आतल्या आवरणावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत एका दिशेने हलत शेंबूड, धूळ आणि जंतू बाहेर ढकलत राहतात. युस्टेशियन नळीच्या आतही हेच आवरण आणि हेच तंतू आहेत. सर्दीचा व्हायरस या पेशींमध्ये शिरतो, वाढतो आणि त्यांना मारतो. झाडूवालाच आजारी पडल्यावर गल्लीत कचरा साचतो, तसं काहीसं इथे होतं.

त्याच वेळी नळीचं आवरण सुजतं आणि आधीच अरुंद असलेली वाट बंद होते. आत अडकलेली हवा हळूहळू शरीरात शोषली जाते, मध्यकर्णातला दाब कमी होतो आणि पडदा आत खेचला जातो. मोठ्या माणसांना सर्दीत कान ‘बसल्यासारखे’ वाटतात ते यामुळेच. या कमी दाबामुळे दोन गोष्टी होतात. आवरणातून द्रव झिरपून पोकळीत साचतो. आणि नळी कधी उघडलीच तर नाकामागचा चिकट स्राव, त्यातल्या सगळ्या जंतूंसकट, आत ओढला जातो.

आता बॅक्टेरिया येतात. म्हणजे खरं तर ते आधीपासूनच तिथे असतात. न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला हे तीन बॅक्टेरिया पुष्कळ निरोगी मुलांच्या नाकामागे कोणताही त्रास न देता राहतात. व्हायरसने घातलेल्या धुमाकुळात त्यांना संधी मिळते. इन्फ्लुएन्झाचा व्हायरस तर एक विशेष मदत करतो. त्याच्या अंगावरचं एक एन्झाइम पेशींवरचं साखरेचं संरक्षक टोक कापून टाकतं आणि बॅक्टेरियाला चिकटायला जागा उघडी पडते. शिवाय व्हायरसशी लढताना शरीराच्या पांढऱ्या पेशींचं बॅक्टेरिया मारण्याचं कामही मंदावतं.

हे दोघे मिळून काय करतात, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसलं. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतला उंदराच्या कुळातला प्राणी. त्याच्या कानाची पोकळी मोठी असल्याने कानाच्या संशोधनात तो खूप वापरतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी काही चिंचिलांच्या नाकात फक्त इन्फ्लुएन्झाचा व्हायरस सोडला, काहींच्या नाकात फक्त न्यूमोकॉकस आणि काहींच्या नाकात दोन्ही. फक्त व्हायरस मिळालेल्यांपैकी ४ टक्क्यांना कानाचा संसर्ग झाला, फक्त बॅक्टेरिया मिळालेल्यांपैकी २१ टक्क्यांना. दोन्ही मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ६७ टक्के होतं. चार आणि एकवीसची बेरीज सदुसष्ट होत नाही. मधला फरक त्या दोघांच्या भागीदारीचा आहे.

माणसांमध्ये याचा पुरावा काय?

अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांवर वर्षभर लक्ष ठेवून प्रत्येक सर्दीचा पाठपुरावा करण्यात आला. २००८ मध्ये निष्कर्ष आले. ३७ टक्के सर्द्यांनंतर कानाचा तीव्र संसर्ग झाला आणि आणखी २४ टक्क्यांमध्ये संसर्गाची लक्षणं नव्हती, पण पडद्यामागे पाणी साचलं. म्हणजे या वयात दहापैकी सहा सर्द्या कानापर्यंत पोहोचत होत्या.

पण व्हायरस फक्त नाकात गोंधळ घालतो की कानातही शिरतो? १९९९ मध्ये कानाचा संसर्ग झालेल्या ४५६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्यांना आरएसव्ही या व्हायरसची लागण होती, त्यांच्यापैकी ७४ टक्के मुलांच्या कानातल्या द्रवातही तो सापडला. पॅराइन्फ्लुएन्झाच्या बाबतीत हे प्रमाण ५२ टक्के होतं, इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत ४२ टक्के. अ‍ॅडिनोव्हायरस मात्र कानात क्वचितच मिळाला. म्हणजे काही व्हायरस दार उघडून बाजूला होतात, तर आरएसव्हीसारखे स्वतःच घरात घुसतात.

पुढे पीसीआर तपासणी आली आणि चित्र आणखी स्पष्ट झालं. कानाच्या पडद्यात आधीच बारीक नळी बसवलेल्या मुलांचा कान वाहू लागला तेव्हा फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या डॉक्टरांनी तो द्रव तपासला. ९२ टक्के मुलांत बॅक्टेरिया सापडले, ७० टक्क्यांत व्हायरस आणि ६६ टक्क्यांत दोन्ही. तेव्हा ‘कानाचा संसर्ग व्हायरसचा की बॅक्टेरियाचा?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘दोघांचा’ असंच आहे. फक्त व्हायरसमुळे होणारे संसर्गही असतात, पण ते कमी.

एक पुरावा तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा आणि पाळणाघरं बंद झाली, मुलं घरात राहिली आणि अनेक देशांत मुलांच्या कानाच्या संसर्गाचं प्रमाण एकदम खाली आलं. नाकामागचे बॅक्टेरिया कुठेही गेले नव्हते. थांबली होती ती एकमेकांना दिली जाणारी सर्दी.

जाता जाता एका नावाची गंमत. हिमोफिलस ‘इन्फ्लुएन्झी’ हा बॅक्टेरिया आहे, मग त्याच्या नावात फ्लू कुठून आला? १८९२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांमध्ये हा जंतू सापडला आणि फ्लू यानेच होतो असं त्यांनी जाहीर केलं. माणसातला फ्लूचा खरा व्हायरस १९३३ मध्ये लंडनमध्ये वेगळा करण्यात आला, तोवर चाळीस वर्षं हा बॅक्टेरिया भलत्याच गुन्ह्याचं नाव मिरवत होता. ते अजूनही तसंच आहे.

महाराष्ट्रात कानदुखीचा हंगाम कोणता, असं विचाराल तर सर्दीचा जो हंगाम तोच. युरोप-अमेरिकेत हे दुखणं थंडीतलं मानतात. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि एक लहान लाट हिवाळ्यात. जूनमध्ये शाळा-अंगणवाड्या सुरू होतात, पाऊसही तेव्हाच सुरू होतो, आणि धाकट्या भावंडाला सर्दी बहुतेक वेळा थोरल्याकडून मिळते.

मग अँटिबायोटिक द्यायचं की नाही?

खरा वाद इथे आहे, आणि दोन्ही टोकांची उत्तरं चुकीची आहेत.

अँटिबायोटिक व्हायरसवर काहीही करत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण ‘सर्दी झाली आहे, कानावर जाऊ नये म्हणून आधीच सुरू करू’ हा विचार अजून खूप घरांत चालतो. तसं आधी औषध दिल्याने कान वाचतो याला आधार मिळालेला नाही. नाक मोकळं करणारी आणि अ‍ॅलर्जीची सिरपंही कानाचा संसर्ग टाळत नाहीत किंवा बरा करत नाहीत. उलट, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणाची सर्दीची औषधं चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा पाकिटावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. घरातली जुनी बाटली एकदा उलटी करून वाचा.

संसर्ग झाल्यावर काय? जगभरातल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने काढलेला निष्कर्ष असा: अँटिबायोटिक द्या किंवा न द्या, साधारण ६० टक्के मुलांची कानदुखी २४ तासांत थांबते. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर २० मुलांना औषध दिल्यावर एका जास्तीच्या मुलाला वेदनेत फायदा होतो. आणि १४ मुलांना दिल्यावर एका जास्तीच्या मुलाला जुलाब, उलटी किंवा पुरळ असा त्रास होतो. हे आकडे वाचल्यावर ‘औषधाने एका दिवसात बरं वाटलं’ या अनुभवाचा अर्थ थोडा बदलतो. बऱ्याच मुलांना त्या दिवशी तसंही बरं वाटणारच होतं.

म्हणून बालरोगतज्ज्ञ काही मुलांच्या बाबतीत ४८ ते ७२ तास ‘लक्ष ठेवून थांबा’ असं सांगतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये दिलेले निकष ढोबळमानाने असे आहेत. दोन वर्षांवरचं मूल, सौम्य दुखणं, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे १०२ फॅरनहाइटच्या खाली, तर थांबता येतं. सहा महिने ते दोन वर्षं वयात फक्त एकाच कानाला सौम्य संसर्ग असेल तरच. सहा महिन्यांखालचं बाळ, दोन वर्षांच्या आतलं मूल आणि दोन्ही कानांना संसर्ग, कानातून पू येणं, तीव्र वेदना किंवा दोन दिवसांहून लांबलेलं दुखणं, जास्त ताप, यांपैकी काही असेल तर थांबण्यात अर्थ नाही. तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावं लागतं.

‘थांबा’ याचा अर्थ मुलाला दुखू द्या असा मात्र नाही. वेदनाशामक पहिल्या तासापासून द्यायचं असतं. वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल पुरतं. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि हे थांबणं डॉक्टरांनी कान पाहिल्यानंतरचं आहे, घरबसल्या ठरवलेलं नाही. ज्याच्याकडे ४८ तासांनी पुन्हा दवाखान्यात यायची सोय नाही, अशा खेड्यातल्या कुटुंबासाठी डॉक्टर वेगळा निर्णय घेतील आणि तो बरोबरच असेल.

डॉक्टरांना कान पाहून व्हायरस की बॅक्टेरिया हे सांगता येतं का? नाही. ते बघतात पडदा फुगून बाहेर आला आहे का. नुसता लाल पडदा पुरेसा नसतो, कारण जोरात रडल्यानेही तो लाल होतो. जंतू कोणता हे कळायला पडद्याला सुईने छिद्र पाडून द्रव काढावा लागेल आणि ते रोजच्या तपासणीत कुणी करत नाही. त्यामुळे वय, ताप, वेदना आणि पडदा पाहून अंदाज बांधला जातो. व्हायरस जोडीला असेल तर मध्यकर्णात अमॉक्सिसिलिन कमी पोहोचतं, असंही अभ्यासात दिसलं आहे. योग्य औषध देऊनही काही मुलं लवकर बरी होत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. दरवेळी ‘आणखी स्ट्राँग’ औषधाची मागणी करण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

मेडिकलमधून परस्पर आणू नये अशा औषधांच्या पट्टीवर तांबडी रेघ असते. तिच्याबद्दलची जागृती मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. ती रेघ बघूनही पट्टी सहज मिळते, हे वेगळं सांगायला नको.

कानात लसणाचं कोमट तेल घालण्याबद्दल एक शब्द. पडदा शाबूत असेल तर ते संसर्गापर्यंत पोहोचत नाही. पडदा फुटला असेल तर ते नको तिथे पोहोचतं. दोन्ही बाजूंनी तोटाच.

सर्दी कमी तर कानदुखी कमी

आईचं दूध पिणाऱ्या बाळांना कानाचे संसर्ग कमी होतात. बाटलीने पाजत असाल तर बाळाला आडवं ठेवून पाजू नका, डोकं उंच धरा. विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर त्या सूक्ष्म तंतूंना व्हायरसइतकाच त्रास देतो. सर्दी झालेल्याने तान्ह्या बाळाचे मुके घेऊ नयेत, हे पाहुण्यांना सांगायचा धीर करा.

लशींचा भाग महत्त्वाचा आहे. न्यूमोकॉकसची लस, म्हणजे पीसीव्ही, भारताच्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. ती ६ आणि १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली न्यूमोसिल ही याच प्रकारची लस. ती न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासून वाचवते, म्हणून ती घ्यायचीच. पण फक्त तिच्या भरवशावर कानदुखी थांबत नाही. फिनलंडमधल्या चाचणीत लशीतल्या प्रकारांच्या न्यूमोकॉकसमुळे होणारे कानाचे संसर्ग ५७ टक्क्यांनी घटले, पण कानाचे एकूण संसर्ग फक्त ६ टक्क्यांनी. एका बॅक्टेरियाची जागा दुसऱ्याने घेतली, कारण वाट मोकळी करणारे व्हायरस होते तसेच होते.

व्हायरसवरच्या लशीने काय होतं? फिनलंडमध्येच पाळणाघरातल्या मुलांना फ्लूची लस दिली, तेव्हा त्या हंगामात फ्लूशी निगडित कानाचे संसर्ग ८३ टक्क्यांनी आणि एकूण कानाचे संसर्ग ३६ टक्क्यांनी कमी झाले. ही लस सहाव्या महिन्यापासून देता येते आणि दरवर्षी घ्यावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत ती सुचवते. सरकारी यादीत ती नाही, त्यामुळे पैसे मोजावे लागतात.

गोवराचा व्हायरसही कानाला गाठतो. गोवर झालेल्या दहापैकी साधारण एका मुलाला कानाचा संसर्ग होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा बातम्या मृत्यूंच्या होत्या आणि त्या तशाच असायला हव्या होत्या. गोवरातून वाचलेल्या मुलांच्या कानांची बातमी होत नाही. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा असे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत ना, ते लसीकरण कार्डावर तपासा.

दुखणं थांबल्यावरचे तीन महिने

वेदना गेली, ताप गेला, म्हणजे कान बरा झाला असं नाही. पडद्यामागचं पाणी मागे राहतं. दोन आठवड्यांनी ६० ते ७० टक्के मुलांत, महिन्याने ४० टक्के मुलांत आणि तीन महिन्यांनी १० ते २५ टक्के मुलांत ते असू शकतं. हे पाणी दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी अँटिबायोटिकही लागत नाही. पण त्या काळात मुलाला बोटं कानात घातल्यासारखं ऐकू येतं, आणि नेमकं तेच वय बोलायला शिकण्याचं असतं. हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, शब्द मागे पडलेत, ‘लक्षच देत नाही’ अशी बालवाडीतून तक्रार येते, अशा मुलाला रागावण्याआधी त्याचा कान तपासा. पाणी तीन महिन्यांपलीकडे राहिलं तर ऐकण्याची चाचणी करून घ्यावी.

कान फुटला, म्हणजे पू येऊ लागला, तर वेदना एकदम थांबते आणि आईवडिलांना वाटतं सुटलो. पडद्याचं हे छिद्र बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतं. भरून आलं नाही आणि कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला, तर तो जुनाट संसर्ग झाला आणि त्यातून कायमचं ऐकू कमी येऊ शकतं. ‘लहानपणी सगळ्यांचाच कान वाहतो’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं आणि त्यापायी उपचारांची वर्षं वाया जातात.

कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, मान आखडली, उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा मूल सुस्त पडलं, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर नुसता ताप एवढंही कारण पुरेसं आहे.